पाऊस बरा. दळण आणले.

डिसेंबर सरत आला की आमच्या पिढीच्या घरांत डायऱ्या यायला लागायच्या. विकत कोणी आणत नसे. बँकेत ओळख असली तर बँकेची, विम्याचा एजंट घरोब्याचा असला तर त्याची, आणि नात्यात कोणी डॉक्टर असला की औषधकंपन्यांच्या चार-दोन हमखास. मरून नाहीतर बाटलीहिरव्या रेक्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरांत देणाऱ्याचं नाव, खाली लोंबणारी रेशमी फीत. पहिल्या पानांवर पोस्टाचे दर, सुट्ट्या, मैल-किलोमीटरचं कोष्टक. मग ‘वैयक्तिक माहिती’ : रक्तगट, चष्म्याचा नंबर, पॉलिसी नंबर. अण्णा हे पान १ जानेवारीला सकाळी, आंघोळ-पूजा उरकून भरत. चांगली डायरी त्यांची, दुसरी आईची, आणि गेल्या वर्षीची कोरी राहिलेली आम्हा मुलांची. तिच्यावरचे वार खोडून नवे घालण्यातच आमचा जानेवारी जायचा.

आमचं लिखाण ‘सकाळी उठलो, दात घासले’ या थाटाचं. मास्तरांनी सांगितलेलं असायचं, रोज लिहा, भाषा सुधारते. संक्रांतीपर्यंत उत्साह टिके. त्यापुढे क्रिकेटचे स्कोअर, आणि बहिणीच्या डायरीत सिनेमाची गाणी. तिनं एकदा पहिल्याच पानावर ‘दुसऱ्याची डायरी वाचू नये’ असं लिहून ठेवलं, तेव्हापासून आम्ही ती नेमानं वाचू लागलो.

अण्णांची डायरी उघडीच पडलेली असे. लपवण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. मन मोकळं करणं वगैरे त्या पिढीला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते डायरीत करायचं नाही, एवढं नक्की होतं. आम्ही सातारचे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्या दिवशीची नोंद अशी : ‘पहाटे मोठा भूकंप. फडताळातली भांडी पडली. सर्व अंगणात. मुले ठीक. ऑफिसला गेलो.’ आम्ही पोरं थंडीत गोधड्या पांघरून उजाडेपर्यंत अंगणात बसलो होतो, आजी रामरक्षा म्हणत होती, ते काही नाही. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब पडणार म्हणून गावभर घबराट. कोणी म्हणे आपल्यावरच पडणार, कोणी म्हणे बँकेतले पैसे काढून खाऊन घ्या. अण्णांनी १२ जुलैला लिहिलं : ‘स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडे पडले. पाऊस बरा. दळण आणले.’

याला डायरी म्हणायचं का, असं आता लोक विचारतात. माझं मत, म्हणायचंच. १९५७ ची डायरी पाहा. मार्चपर्यंत हिशेब रुपये-आणे-पैत. १ एप्रिलला दशमान नाणी आली आणि त्याच दिवसापासून अण्णांचा हिशेब नव्या पैशांत. पण कंसात आणे. ते कंस पुढे कितीतरी महिने चालू आहेत. सरकारचं फर्मान आणि भाजीवालीचा हात यांत किती अंतर होतं, ते त्या कंसांत दिसतं.

आणि आजी गेली ते पान. ‘ती. आई गेली. दुपारी ३.१०.’ पुढची पानं कोरी. एरवी तापातसुद्धा पावसाची नोंद न चुकवणारा माणूस, आणि दहाव्याच्या दिवसापर्यंत एक अक्षर नाही. त्या दिवशी फक्त ‘कावळा लगेच शिवला.’ भावना ओसंडून वाहणाऱ्या डायऱ्या मी पुष्कळ वाचल्या, छापलेल्याही. या तीन शब्दांपुढे त्यातल्या बऱ्याच फिक्या आहेत.

आईच्या डायरीचा कारभार वेगळा. पुढून धोबी आणि दूध, मधे लोणच्याचं प्रमाण आणि उखाणे, मागून भिशी. पण खरं वैभव म्हणजे अहेराची यादी. घरातल्या प्रत्येक मुंजीत-लग्नात कोणी काय दिलं, याची बारीक अक्षरांतली जंत्री. ‘वाईच्या वन्सं – स्टीलचा डबा, झाकण सैल.’ ‘शेजारच्या काकू – पाकीट ११ रु.’ ‘मामंजींचे मित्र – लेमनसेट (आपलाच परत आला).’ उलट अहेर करताना ही यादी समोर घेऊन आई बसायची. झाकण सैल असलेल्या डब्याला तसाच जबाब गेला की नाही, ते मला माहीत आहे, पण सांगत नाही.

१९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ निघालं आणि हळूहळू घराघरांतल्या बायकांची डायरी भिंतीवर गेली. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, पोराचा ताप, कामवालीची उचल, सगळं त्या चौकोनांत. सोय झाली, पण डिसेंबर संपला की कॅलेंडर खाली उतरे आणि पानं फडताळात अंथरायला किंवा पुस्तकांना कव्हरं घालायला जात. अण्णांच्या डायऱ्या ट्रंकेत राहिल्या. आईचं ते सगळं लिखाण डब्यांखाली गेलं. घरोघरी हेच झालं असणार.

आता ट्रंका उघडायची वेळ आमच्या पिढीवर आली आहे. फ्लॅट लहान, मुलं परदेशात, आणि डायऱ्यांना कसर लागलेली. रद्दीवाल्याला त्या जड कागद म्हणून आवडतात. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा करत, तेव्हाही घरच्यांना तो कचराच वाटायचा. १९१० मध्ये पुण्यात त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते असल्याच कागदांच्या काळजीपोटी. आपल्या घरच्या डायरीत पेशवाई नाही हे खरं, पण भूकंपाच्या सकाळी ऑफिसला गेलेला माणूस आहे.

तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. डायरीच्या पुठ्ठ्यावर वर्ष आणि लिहिणाऱ्याचं नाव घाला, आणि मागची पानं आधी वाचा, कारण महत्त्वाचं तिथेच असतं. ‘चि. ग. स ५० रु.’ यातला ‘ग.’ कोण, हे सांगणारं ऐंशीच्या पुढचं कोणी घरात असेल, तर या रविवारीच जाऊन विचारा आणि समासात पेन्सिलीनं लिहून ठेवा.