नळदुर्गचं नाणं

आजीच्या पितळी डब्यात थोडे हाली रुपये होते, हैदराबादच्या निजामाचं चलन. एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या मधल्या कमानीत निजाम मीर उस्मान अलीच्या नावातलं पहिलं अक्षर, ऐन. अंगठा फिरवला की मनोरे अजून बोटाला लागतात. बार्शी-सोलापूरला माल भरायला जाणाऱ्याला मात्र इंग्रजी राज्याचा कलदार रुपयाच लागे, आणि सहा कलदारांसाठी सात हाली मोजावे लागत. सरहद्दीपलीकडे आपल्या रुपयाचा भाव पडतो, हे इथल्या माणसाला बाजारात कळायचं. उस्मानाबाद हे जिल्ह्याचं नावसुद्धा त्याच उस्मानचं होतं.

हा मुलूख भारतात आणण्यासाठी 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या. वाटेत नळदुर्ग. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी हाती यायला हवा होता, आणि तो धडका मिळाला. त्याच दिवशी तिथे हवालदार बचित्तर सिंग पडले. पंजाबचा माणूस, दुसरी शीख पलटण. पुढच्या तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. समोरून आलेल्या दोन गाड्या त्यांनी गोळीबारातून चाल करून ताब्यात घेतल्या. पुढच्या चढाईत मशिनगनच्या गोळ्या मांडीत घुसल्या. त्या अवस्थेत सरपटत ते ठाण्याजवळ पोचले, दोन हातबॉम्ब टाकले आणि ती मशिनगन बंद पाडली. मागे न्यायला आलेल्यांना त्यांनी नकार दिला.

ही 'पोलीस ॲक्शन' होती, युद्ध नव्हे. त्यामुळे त्यांच्या वाट्याला आलं ते रणांगणाबाहेरच्या शौर्याचं अशोक चक्र. सोनेरी गोल पदक, मध्ये चक्र, भोवती कमळांची माळ. 1952 साली जाहीर झालेल्या या सन्मानाच्या पहिल्या मानकऱ्यांत ते आहेत. तुंगभद्रेच्या पुलावर लढलेले गुरखा पलटणीचे नरबहादूर थापाही त्यांच्यासोबत आहेत.

1965 च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवाला सरकारने पाच रुपयांचं नाणं काढलं, त्यावर अमर जवान आहे. असं नाणं पाहिलं की मला नळदुर्ग आठवतो. चारमिनारचा रुपया ज्या मुलखात चालला, त्या मुलखाला मोकळं करताना पडलेल्या परप्रांतीय शिपायाचं नाव आमच्या कितीशा पोरांना ठाऊक आहे? पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला गर्दी लोटते. तिथे जाल तेव्हा मुलांना बोरीच्या पुलाकडेही न्या, आणि बचित्तर सिंगांचं नाव सांगा. मुक्तिसंग्रामाचं नाणं पाडायचं झालं, तर त्यावर हाच पूल हवा.