सत्ताविसावं घर

रत्नागिरी, १८ मे २०२५, रविवार
नातू पुण्याहून आला तो आंब्यांच्या नव्हे, इजिप्तच्या धुंदीत. रात्री त्याने १९९९चा 'द ममी' लावला. भिंतीतून किड्यांची फौज निघून माणसं पोखरू लागली तसे त्याने पाय खुर्चीवर घेतले. म्हटलं, "अरे, हा शेणातला किडा. गोळा ढकलत नेतो तो!" इजिप्तच्या लोकांना त्या गोळ्यात आकाशातून ढकलत नेलेला सूर्य दिसला, म्हणून त्यांनी किड्याला देव केलं. सिनेमावाल्यांनी नरभक्षक केलं. दया आली ती सिनेमात ममी झालेल्या इमहोटेपची. खरा इमहोटेप जोसेर राजाचा मंत्री. सक्काऱ्याचा पायऱ्यांचा पिरॅमिड त्याच्या नावावर आहे, पुढे वैद्यकाचा देव म्हणून पुजला गेला. पडद्यावर त्याचं भूत केलंय.

१९ मे, सोमवार
सकाळी थिबा राजाच्या समाधीकडे गेलो. ब्रह्मदेशचा हा राजा १८८६ पासून इथे नजरकैदेत होता. राजवाडा तयार झाला १९१० मध्ये, तो वारला डिसेंबर १९१६ मध्ये, आणि दफन १९१९ मध्ये! राणीला देह मायदेशी न्यायचा होता. नातवाचा पहिला प्रश्न, "आजी, शाप आहे का गं इथे?" नाही रे बाबा. शाप इजिप्तमध्येही नव्हता: तुतनखामेन राजाची कबर उघडणारा लॉर्ड कार्नारव्हन एप्रिल १९२३ मध्ये गेला तो डास चावलेल्या जागी वस्तरा लागून जखम चिघळल्यामुळे. पोराचा हिरमोड झाला.

२० मे, मंगळवार
पावसाने बाहेर पडू दिलं नाही. त्याने बैठ्या खेळाचा खोका काढला. नाव पुन्हा 'इमहोटेप'! २०१६चा खेळ, फिल वॉकर-हार्डिंग यांनी रचलेला. इथे मात्र तो गवंड्यांचा माणूस. दगड होडीत भरायचे आणि बांधकामावर पोचवायचे. गंमत अशी की दगड आपले, होडी सगळ्यांची, आणि ती कुठल्या धक्क्याला लावायची ते दुसराही ठरवू शकतो. म्हणजे सामायिक कलमांची बाग! मला शिकवावं लागलं नाही. दोनदा जिंकले.

२१ मे, बुधवार
दिवसभर पाऊस. वीज जाऊन-येऊन.

२४ मे, शनिवार
समुद्रातला कमी दाबाचा पट्टा आज इथेच किनाऱ्याला लागला. वीज कालपासून नाही. टीव्ही, मोबाइल सगळं थंड. ओटीच्या कोब्यावर खडूने तीस घरं आखली, दहा-दहाच्या तीन ओळी. हा सेनेट, इजिप्तचा जुना पटावरचा खेळ. तुतनखामेनच्या कबरीत याचे पट सापडले. नेफरतारी राणीच्या कबरीतल्या चित्रात ती हा खेळ खेळत बसली आहे, समोर कोणी नाही. सोंगट्या शेतात जोत वळतं तशा वळत जातात. फासे नाहीत, एका बाजूने चपट्या काड्या टाकायच्या. मी चार चिंचोके दगडावर घासले. चल्लस खेळताना लहानपणी हेच करायचो, तेव्हा कोणी इजिप्तचं नाव काढलं नव्हतं. त्याच्या पाच काजूबिया, माझ्या पाच आठळ्या.

सेनेट म्हणजे 'पार होणं'. मेलेल्याने पलीकडे कसं जायचं, तेही पुढे या पटावर आलं. सत्ताविसावं घर पाण्याचं. तिथे पडलेल्याने मागे पंधराव्या घरात जायचं, असं अभ्यासकांनी बसवलेल्या नियमांत आहे. मूळ नियम कुठेच लिहिलेले नाहीत, म्हणून भांडायला भरपूर वाव. "बुडालास!" "नाही बुडालो, चिंचोका कडेवर उभा होता!" मोक्षपटावर सापाने गिळलं की आम्ही असेच ओरडायचो. मेलेल्यांच्या प्रवासावरून आठवलं, २०१२-१३च्या हिवाळ्यात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममीचं प्रदर्शन पाहिलं होतं. चष्मा लावून पडद्यावर नेस्पेरेन्नुब नावाच्या पुजाऱ्याच्या आत शिरायचं. त्याच्या डोक्याला मागे एक मातीचा वाडगा चिकटलेला! मसाला भरणाऱ्यांची चूक असावी, राळ वाळली आणि वाडगा सुटेना. मग त्यांनी तसाच गुंडाळला. नातवाला हे सांगितलं तर चिंचोके हातातच ठेवून हसत सुटला. किड्यांना घाबरणारा हाच.

२५ मे, रविवार
पावसाळा लागल्याचं रेडिओवर सांगितलं. वीज दुपारी आली, पण डाव अर्धा होता. नातवाची एक बी पाण्याच्या घरात अडकलेली. तोवर सूनबाईने ओटीवरच्या आठळ्या उचलून आमटीत टाकल्या होत्या. माझे पाचही खेळाडू शिजले, म्हणून तोच जिंकला असं त्याचं म्हणणं.