बोलण्याआधीचं सगळं

जानेवारी सरत आला की बंगळुरूत गुलाबी तबेबुया फुलू लागतो. पानं बहुतेक गळालेली असतात आणि फांद्यांवर नुसती फुलं. फुटपाथ, उभ्या मोटारी, रिक्षांची पिवळी छतं, सगळ्यांवर सडा पडतो. हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. या शहराला फुलांचं वेळापत्रक लावून देणारा माणूसही दूरचाच, गुस्ताव क्रुम्बिगेल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ. १८९३ साली तो लंडनच्या क्यू उद्यानातून सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याला आला आणि पुढे म्हैसूर संस्थानानं त्याला लालबागेवर नेमलं. एका जातीचा बहर ओसरला की दुसरीनं फुलावं, वर्षाचा एकही महिना कोरा जाऊ नये, असा विचार करून त्यानं झाडं निवडली. आज त्या बहराखाली फोटो काढणारी कॉलेजची मुलं त्याला 'आपला साकुरा' म्हणतात; साकुरा म्हणजे जपानी चेरी. त्यांच्या मनातलं जपान अ‍ॅनिमेतून, म्हणजे जपानी अॅनिमेशनपटांतून, आलेलं आहे.

जपानी प्रेमकथांना साकुरा इतका का लागतो, हे तिथलं शाळेचं वर्ष कळलं की उमगतं. ते एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं, त्यामुळे निरोप आणि पहिली भेट दोन्ही या झाडाच्या बहराच्या आगेमागे येतात. मग उन्हाळ्यातली आतषबाजी आणि सुती युकाता, शरदातलं शाळेचं संमेलन, फेब्रुवारीत मुलींनी मुलांना द्यायची चॉकलेटं आणि बरोबर महिन्यानं, १४ मार्चला, मुलांनी करायची परतफेड. शाळा सुटण्याच्या शेवटच्या दिवशी मुलगी धीर करून मुलाच्या गणवेशाचं वरून दुसरं बटण मागते. ते हृदयाच्या सर्वांत जवळचं म्हणून. अशा कथा वाचताना ऋतू हेच कथानक वाटू लागतं. माणसं वर्षभर एकच वाक्य जिभेवर घेऊन हिंडतात आणि वर्ष त्यांना पुन्हा पुन्हा संधी देत राहतं.

मला या वाटेवर आणलं माझ्या भाचीनं. ती इथे कोरमंगलात पीजीमध्ये राहते. एका शनिवारी चर्च स्ट्रीटवरच्या 'ब्लॉसम' या पुस्तकांच्या दुकानात मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, कप्प्यापाशी उभं राहून तिनं माझ्या हातात एक पुस्तक दिलं. मी सवयीनं पहिलं पान उघडलं. "मावशी, ते शेवटचं पान आहे. उजवीकडून सुरू कर," ती म्हणाली. ते कारुहो शीना यांचं 'किमी नी तोदोके' होतं. २००६ ते २०१८ या काळात त्याचे तीस खंड निघाले. नायिका सावाको इतकी अबोल, केसांच्या पडद्याआड इतकी हरवलेली, की वर्गातली मुलं तिला भुताच्या सिनेमातल्या सादाकोच्या नावानं हाक मारतात. काझेहाया नावाचा एक मुलगा तिच्याशी साधं, सरळ बोलतो. एवढंच घडतं, आणि खंडांमागून खंड जातात. सावाकोला आधी मैत्रिणी मिळतात, मग आपल्यालाही कुणी हाक मारतं यावर विश्वास बसतो, आणि मग कुठे प्रेमाचा विचार येतो. लाजाळू माणसाच्या मनाला इतकी पानं द्यायला कुणी तयार झालं, याचंच मला फार वाटलं.

मनाला अशी जागा देणारी ही पानं घडली त्यामागे १९७०च्या दशकातल्या काही तरुण बायका आहेत. मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया तेव्हा तोक्योच्या ओइझुमी भागात एका घरात राहून चित्रं काढत. हागिओंचा जन्म १९४९चा. त्याच सुमारास जन्मलेल्या चित्रकर्त्या मुलींचा हा एक गटच मानला जातो. मुलींसाठीच्या चित्रकथा तोवर बऱ्याचशा पुरुष काढत. या मुलींनी चौकटींच्या भिंती पाडल्या. चेहरा एका चौकटीतून दुसरीत ओसंडू दिला, मनातली वाक्यं फुग्यांबाहेर मोकळी सोडली, आणि कुठे अख्खं पान रिकामं ठेवून कोपऱ्यात फक्त एक नजर काढली. १९७२मध्ये रियोको इकेदांनी फ्रेंच राज्यक्रांतीवरची 'व्हर्सायचा गुलाब' सुरू केली आणि मुलींच्या मासिकात इतिहास, राजकारण, प्रेम सगळं एकदम शिरलं.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती रुमिको ताकाहाशींची 'मेझोन इक्कोकु', १९८० ते १९८७. एक जुनी खोल्याखोल्यांची इमारत, तिची देखभाल करणारी क्योको ही तरुण विधवा, आणि परीक्षेत नापास होणारा भाडेकरू गोदाइ. क्योकोनं कुत्र्याला नवऱ्याचंच नाव दिलं आहे. त्या नवऱ्याचा चेहरा वाचकाला शेवटपर्यंत दिसत नाही. फोटो निघतो, पण काही ना काही आड येतं. गोदाइ ज्याच्याशी झुंजतो त्या माणसाला मारता येत नाही, हरवता येत नाही, कारण तो आधीच गेलेला आहे. शेवटी गोदाइ त्याच्या थडग्यापाशी जातो आणि मनातलं सांगतो, की तिच्या मनात तुम्ही आहात, तुम्हाला धरूनच मी तिला स्वीकारतो. विधवेच्या दुःखावर आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांपासून थोर लिखाण झालं. पण दुसऱ्या पुरुषानं पहिल्याच्या स्मृतीपुढे असं नम्र उभं राहावं, हे मी चित्रकथेत वाचलं आणि बराच वेळ पान उलटवलं नाही.

सगळंच गोड मानून घ्यावं असं नाही. १९९२मध्ये सुरू झालेल्या 'हाना योरी दांगो'चा नायक नायिकेचा आधी छळ करतो, आणि त्या छळाला प्रेमाचं पूर्वरूप ठरवलं जातं. मुलीला भिंतीशी अडवून हात आपटणारे देखणे नायक तर ढिगानं आहेत. भाचीच्या वयाच्या मुली ती पानं रागानं उलटतात, याचा मला आनंद होतो. आणखी एक उणीव मोठी आहे. या कथांत आईवडील बहुधा दूर असतात आणि जात नसतेच. आपल्याकडे दोघांनी मन मोकळं केल्यावर खरी अडचण सुरू होते. ती या पुस्तकांना ठाऊक नाही.

तरी जे त्यांना ठाऊक आहे ते आपल्याला परकं नाही. हाल राजाच्या नावावर असलेली गाथासप्तशती आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात पाणपोईवरचा एक वाटसरू ओंजळीची बोटं सैल करतो, म्हणजे पाणी गळावं आणि पाणी घालणाऱ्या मुलीकडे पाहायला वेळ मिळावा. ती ओळखते आणि धार बारीक करते. दोघंही काही बोलत नाहीत. मांगाचं ते एक संपूर्ण जोडपान आहे.

माकोतो शिंकाईंचा २००७चा 'फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंड' हा चित्रपट बंगळुरूत पाहिला की जास्तच लागतो. साकुराची पाकळी त्या वेगानं खाली येते असं त्यात म्हटलं आहे, म्हणून हे नाव. ताकाकी आणि आकारी शाळासोबती, घरं बदलल्यानं दुरावलेली. तो तिला भेटायला निघतो, बर्फात गाडी तासन्‌तास माळावर उभी राहते, तिच्यासाठी लिहिलेलं पत्र वाऱ्यानं उडून जातं. ती स्टेशनवर डबा घेऊन थांबलेली असते. दुसऱ्या भागात, तानेगाशिमा बेटावर, कानाए नावाची मुलगी त्याला काही सांगणार असते, तेवढ्यात अवकाशतळावरून रॉकेट आकाशात चढतं आणि ती गप्प राहते. मोठेपणी हाच ताकाकी तोक्योत प्रोग्रॅमर होतो, एकटा राहतो, आणि एक दिवस नोकरी सोडतो. इस्रोचं मुख्यालय असलेल्या आणि प्रोग्रॅमरांनी भरलेल्या या शहरात ती गोष्ट दूरदेशची वाटत नाही. बेळंदूरला, इलेक्ट्रॉनिक सिटीत रात्री उशिरापर्यंत उजेड असलेल्या खिडक्यांमागे नागपूरची, सोलापूरची, बेळगावची मुलं बसलेली असतात. घरचा फोन रोजचा. पण ज्याला किंवा जिला काही सांगायचं राहून गेलं, त्या माणसाचा नंबर फोनमध्ये नुसता पडून असतो. भाची म्हणते, तिच्या पीजीतल्या मुली रात्री एका खोलीत जमून या मालिका बघतात आणि त्यानंतरच खरं बोलायला लागतात.

या मुलामुलींची ओढ किती खरी आहे हे एकदा देशाला दिसलंही. शिंकाईंचा 'वेदरिंग विथ यू' इथल्या चित्रपटगृहांत यावा म्हणून ५०,००० हून अधिक जणांनी अर्जावर सह्या केल्या, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये तो आला.

आता या चित्रकथा मराठीत याव्यात. जपानी पुस्तकातली तोत्तोचान चेतना सरदेशमुख-गोसावींच्या अनुवादामुळे आपल्या घराघरांत पोचली. हिरोशिमावरची 'नंगे पैर गेन' तोमोको किकुचींनी हिंदीत आणली. मराठी प्रकाशकांना माझं मनापासून सांगणं आहे, की 'मेझोन इक्कोकु' हाती घ्या. चांगला अनुवादक शोधा, गोदाइच्या तोंडी आजची मराठी द्या आणि पानं जपानीसारखीच उजवीकडून ठेवा. वाचक आठवडाभरात सरावेल.