रेणूच्या कण्याची घडण

डीएनएला पर्यायी रेणू घडवताना आपण आधी मोजतो ते तो किती घट्ट चिकटतो हे. ही कसोटी मला अपुरी वाटते. कोणाला चिकटायचे आणि कोणाला सोडायचे, हे रेणूला कळले पाहिजे. १९९१ मध्ये नील्सन, एग्होल्म, बर्ग आणि बुखार्ट या डेन्मार्कच्या संशोधकांनी पीएनए (पेप्टाइड न्यूक्लिइक ॲसिड) हा असा रेणू पुढे आणला. साखर-फॉस्फेटचा कणा काढून त्यांनी प्रथिनांसारखे अमाइड बंध असलेली साखळी घातली, बेस तेच ठेवले. कण्यावरचा ऋणभार गेला, प्रतिकर्षण संपले आणि पीएनएची पकड डीएनएच्या स्वतःच्या जोडीपेक्षा घट्ट झाली. एन्झाइमांनाही तो सहज तुटेना. पण तो डीएनए आणि आरएनए दोघांनाही धरतो, सुलट धरतो तसा उलटही धरतो, शिवाय पाण्यात नीट विरघळत नाही.

यातल्या निवडीच्या उणिवेवर पुण्यात फार मोलाचे काम झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्णा गणेश, वैजयंती कुमार आणि टी. गोविंदराजू यांनी पीएनएच्या लवचिक कण्यात कार्बनची वलये बसवली. पीएनए आरएनएशी जोडला जातो तेव्हा कण्यातल्या एका बंधाभोवतीचा पिळाचा कोन साधारण ६५ अंश असतो, डीएनएशी जोडताना तो बराच मोठा असतो. सहा कार्बनांचे वलय एकाच बाजूने जोडले की हा कोन आरएनएला हवा तिथे अडकतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात अशा रेणूंनी आरएनएची ठळक निवड केली. पाच कार्बनांचे वलय जरा लवचिक; त्याने पकड वाढली, पण निवड तेवढी साधली नाही. माझा मुद्दा या दोन वलयांच्या फरकातच आहे.

इतका खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या नुसिनर्सेन या औषधात साखर आणि फॉस्फेट थोडे बदलून काम भागलेच. खरे आहे. पण त्याच वर्षी मंजूर झालेल्या एटेप्लिर्सेनमध्ये साखरेऐवजी मॉर्फोलिनो वलयांचा कणा आहे. म्हणजे निसर्गाची साखर सोडूनही औषध होते. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: पीएनए पेशीत सहज शिरत नाही. निवडक पकड हा अडथळा दूर करत नाही, हे मान्यच करावे लागेल. तरीही आत शिरल्यावर चुकीच्या साखळीला धरणारा रेणू घेऊन काय करायचे? सेंद्रिय रसायन शिकणाऱ्यांनी पेशीप्रवेशाचा हा प्रश्न जरूर हाती घ्यावा, आणि नवा कणा आखताना बंधांच्या पिळाचे कोन आधी मोजावेत.