आधी रंग, मग माप

१९७७ सालची लाल कॉर्व्हेट विकत घेताना मी इंजिन कान देऊन ऐकलं, टॉर्च घेऊन खालची चासी पाहिली, कार्पेटखाली हात घालून ओल चाचपली. मागच्या बंपरवर नंबरप्लेटच्या वरच्या अंगाला लाटा उठल्या होत्या, त्या मात्र ‘किरकोळ काम’ म्हणून सोडून दिल्या. विकणाराही तेच म्हणत होता. त्याला गाडी खपवायची होती, त्याचं समजू शकतो. मला कसली घाई होती?

माझं गाड्यांचं शिक्षण कोल्हापुरात, मामाच्या फियाटवर झालं. पत्र्याला पोचा आला की मागून ठोकळा धरायचा, पुढून हातोडी. उरलंसुरलं लांबीनं भरायचं, पॉलिशपेपर मारायचा आणि रंग. पत्रा वाकतो, पत्रा सरळ होतो, एवढं विज्ञान घेऊन मी न्यू जर्सीतल्या माझ्या गॅरेजमध्ये उभा होतो. आणि या गाडीच्या मागच्या भागात बाहेरून दिसणारा पत्रा नावालाही नाही.

कॉर्व्हेटची बॉडी १९५३ च्या पहिल्या गाडीपासून फायबरग्लासची. १९७२ पर्यंत तिला क्रोमचे नाजूक बंपर होते. मग अमेरिकन सरकारचा नियम आला. १९७३ च्या मॉडेलपासून गाडी पुढून ताशी ५ मैलांनी भिंतीवर आदळली तरी दिवे आणि सुरक्षेच्या इतर गोष्टी शाबूत राहायला हव्यात. मागून आधी अडीच मैल, पुढच्या वर्षापासून तिथंही ५. कॉर्व्हेट बनवणाऱ्या शेवरलेनं १९७३ मध्ये पुढचं क्रोम काढलं, १९७४ मध्ये मागचं, आणि दोन्हीकडे युरेथेनची कव्हरं चढवली. १९७४ चं मागचं कव्हर दोन तुकड्यांत होतं, मधोमध उभी सांध. १९७५ पासून ते अखंड झालं. धक्का सोसणारी खरी रचना आत असते. बाहेर दिसतं ते गाडीच्या रंगात रंगवलेलं लवचीक कातडं. उन्हात, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते आतून बिघडतं, ताठ होतं, आकसतं, ज्या बोल्टांच्या ओळीवर ते धरलेलं असतं त्यांच्यामध्ये फुगवटे धरतं. शेवटी कडा बिस्किटासारख्या तुटतात. म्हणजे मी ज्याला पोचा समजत होतो तो पोचा नव्हता. ते म्हातारपण होतं.

हे कळायच्या आधी मी त्याला शेकलं. शेजाऱ्याच्या नव्या गाडीच्या बंपरचा खड्डा उकळतं पाणी ओतून, आतून दाबून ‘टक्’ करून वर आलेला मी पाहिला होता. तेच इथं करू म्हटलं, फक्त पाण्याऐवजी हीटगन. आजचे बंपर बहुतेक थर्मोप्लास्टिकचे, तापले की मऊ होतात आणि मूळ आकाराकडे परततात. माझं कव्हर थर्मोसेट. साच्यात रसायनं एकत्र येऊन एकदा घट्ट झाली की ते पुन्हा वितळत नाही. तापवताना हाताला मऊ लागायचं, लाट दाबली की बसायची, मी खूश. थंड झालं की लाट परत जागेवर. मग मी आच वाढवली. रंगाला फोड आले, खालचं युरेथेन एका जागी तपकिरी पडलं आणि घशात बसणारा उग्र वास सुटला.

तेवढ्यात हिनं दारातून विचारलं, “अहो, या गाडीची पेट्रोलची टाकी कुठे असते?”

टाकी या गाडीत मागेच असते, बंपरच्या अगदी पुढ्यात. मला ते ठाऊक होतं. झाकणच मागच्या डेकवर आहे, दर वेळी तिथंच तर पेट्रोल भरतो. तरी हीटगन लावताना ते डोक्यात आलं नव्हतं. या सगळ्या प्रकरणात पैशाचं जे नुकसान झालं त्याचं हसू येतं. या एका गोष्टीचं अजून येत नाही.

त्यानंतर लांबी. लवचीक पृष्ठासाठी वेगळी मिळते हे डब्यांच्या रांगेत स्पष्ट लिहिलेलं होतं. माझ्याकडे साधी कडक पॉलिएस्टरची शिल्लक होती, तीच भरली. घासून हात फिरवला तर काचेसारखं सपाट. रंगही मारला, लवचिकतेसाठी त्यात जे मिसळायचं असतं ते न मिसळता. साधा धुळीचा मास्क लावून मारला हेही सांगून टाकतो. हार्डनरवाल्या रंगात आयसोसायनेट असतात, फुप्फुसांना ती फार वाईट, आणि त्या मास्कनं ती अडत नाहीत. उन्हाळ्यात गाडी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी राहू लागली तशा लांबीच्या कडेनं बारीक रेघा उमटल्या. महिनाअखेरीला त्यातला एक पापुद्रा मी नखानं उचलला. अख्खा आला, खाली ती तपकिरी जागा.

मग जुन्या सामानाच्या बाजारातून ‘ओरिजिनल’ कव्हर आणलं. तेही त्याच वयाचं, त्याच रोगाचं. यावर जास्त लिहावं इतकंही ते टिकलं नाही.

शेवटी नवं घ्यायचं ठरलं. नवं युरेथेन घेतलं तर मूळच्यासारखं वाकतं-सोसतं, पण काही वर्षांनी पुन्हा लाटा धरण्याचा धोका. फायबरग्लासचं घेतलं तर लाटांची भानगड नाही, पण धक्का बसला की तडकतं आणि आहे तसं कधीच बसत नाही. कडा घासाव्या लागतात, भोकं पाडावी लागतात. मी फायबरग्लास घेतलं. आजही तेच घेईन. ही गाडी मी कोणावर आपटणार नाही आणि लाटा मी पुष्कळ पाहिल्या.

जुनं काढणं म्हणजे दिव्य. मागचे चारही दिवे याच कव्हरमध्ये बसतात. ते काढले की त्या गोल भोकांतून हात आत घालून नट शोधायचे, तेही दिसत नाहीत, बोटांनीच कळतात. कव्हरच्या काठामागे लोखंडी पट्टी असते, तिच्यात बोल्ट पक्के बसवलेले. पट्टी गंजली की बोल्ट जागच्या जागी फिरतो आणि पाना कितीही फिरवा, नट काही सुटत नाही. तिथं नुसतं हॅक्सॉचं पातं चिंधीत गुंडाळून, दोन बोटांच्या जागेत पुढे-मागे करत राहायचं. शेवटच्या बोल्टाला माझा संयम संपला, मी पटाशी घालून उचकटलं आणि बॉडीच्या काठाचा टवका उडाला. फायबरग्लासची ती दुरुस्ती मलाच करावी लागली.

नवं कव्हर रंगवायला मी एका बॉडीशॉपमध्ये दिलं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं एकच विचारलं, “बसवून बघितलंयस ना?”

मी हो म्हणालो. बघितलं नव्हतं. खोकं उघडून ते गाडीला नुसतं टेकवलं होतं आणि दुरून छान दिसलं होतं. पण मागच्या खेपेला रंग मारून मी तोंडघशी पडलो होतो, आता रंगवलेला, चकचकीत बंपर लवकरात लवकर डोळ्यांसमोर हवा होता. तो आला, सुरेख आला. आणि बसवायला घेतला तर डाव्या कोपऱ्यात बॉडीपासून बोटभर लांब, उजवीकडे बॉडीवर चढलेला. ताजा रंग लावलेल्या कडेवर ग्राइंडर चालवायला जी हिंमत लागते ती मी त्या दिवशी शिकलो. कोपऱ्याचा रंग गेला, घासलेल्या फायबरग्लासनं अंग खाजत राहिलं, आणि सगळं पुन्हा त्याच कारागिराकडे. त्यानं घासलेली कड पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा रंगाचे पूर्ण पैसे घेतले. वाजवी होते.

यंदा ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला कॉर्व्हेटवाल्यांची जत्रा भरली, तिथं गाडी घेऊन गेलो. या गाड्या मूळ स्वरूपात आणण्यात हयात घालवलेला एक गृहस्थ मागच्या बाजूला वाकून बराच वेळ पाहत होता. कारखान्यात बॉडी आणि ही कव्हरं वेगवेगळ्या रंगांनी रंगवली जायची, कारण बॉडीचा कडक लॅकर वाकणाऱ्या युरेथेनवर तडकला असता. त्यामुळे नव्या कोऱ्या गाडीतही दोन्हींची छटा थोडी वेगळी दिसायची.

“काम नीट झालंय,” तो म्हणाला, “पण रंग जरा जास्तच जुळलाय.”