समुद्रस्नानाचा बेत

गेल्या भाद्रपदात गणपतीकरिता माझा मुलगा पुण्याहून सहकुटुंब केळझरास आला, तेव्हा येतानाच एक बेत बरोबर घेऊन आला. येत्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या काठी, ग्रीसच्या एखाद्या बेटावर, आठ दिवस राहावयाचे. तेथे पाण्याखाली बुडी मारावयाची, शिडाच्या फळीवर उभे राहावयाचे, धावत्या होडीस दोर बांधून छत्रीने आकाशात तरंगावयाचे. आणि या सर्व उपद्व्यापांत मी व सौ.नेही सामील व्हावयाचे! आमचे गाव असे की, पूर्वेस निघा की पश्चिमेस, शेकडो किलोमीटर समुद्र दृष्टीस पडावयाचा नाही. अब्धि, उदधि, अर्णव, पारावार ही समुद्राची नावे मी पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली. पण स्वतः गुडघाभर समुद्रात कधी उभा राहिलो नव्हतो. सौ. एवढेच म्हणाली, "ग्रीसला जाण्याआधी माझे गुडघे कोणाला तरी दाखवून आणा."

मी मात्र साफ नाही म्हटले. कोणास वाटेल, संस्कृत शिकलेला मास्तर. समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत सांगितली आहे म्हणून बिचकला असेल. तसे नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेस वैद्यक शिकावयास गेल्या, तेव्हा त्यांना केवढा लोकापवाद सोसावा लागला, हे आपण वाचलेले आहे. पण तो काळ गेला. माझी हरकत धर्माची नव्हती; भीतीची होती, आणि ती समुद्राहून पुष्कळ लहान अशा एका जलाशयाची होती.

मी अकरा वर्षांचा असता, वैशाखातल्या एका दुपारी, माझ्या वर्गातला एक मुलगा व मी मळ्यातील विहिरीवर गेलो. तो पाण्यात उतरला. मी काठावर त्याचे कपडे सांभाळीत बसलो. पोहणे त्यालाही नीटसे येत नव्हते आणि मला तर मुळीच नव्हते. तो एकदा वर आला, पुन्हा खाली गेला, आणि मग आलाच नाही. मी ओरडत सुटलो. शेतातले गडी धावत आले. परंतु फार उशीर झाला होता. ते कपडे त्याच्या आईच्या हाती मीच नेऊन दिले. पुढे जन्मभर मी पाण्याचा वैरी झालो. मुलाची शाळा बोर धरणावर सहलीस निघाली, तेव्हा त्याला ताप आहे अशी चिठ्ठी मी पाठविली. त्याला ताप नव्हता.

हा सारा इतिहास मुलास ठाऊक आहे. नकार ऐकून तो रागावला नाही, फक्त म्हणाला, "बाबा, तुम्ही मला पाण्यापासून वाचविलेत, पण पाण्यात वाचायचं कसं, ते शिकविलं नाहीत. आता चाळिशीला आलो, तेव्हा पैसे देऊन शिकतो आहे. तुमच्या नातीला तरी शिकू द्या." बारा वर्षांची नात दाराआड उभी होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी उठून मी जुना नकाशासंग्रह काढला. मास्तराला भीती वाटली म्हणजे तो पुस्तक उघडतो! भूमध्य समुद्र जवळजवळ चहूंकडून जमिनीने वेढलेला. अटलांटिकशी त्याचा संबंध जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, आणि तीही निमुळत्या जागी सुमारे १४ किलोमीटर रुंद. त्यामुळे तेथे भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी नावापुरतीच. पाणी खरे सुखोष्ण होते ते जुलै ते सप्टेंबरात. हिवाळ्यात त्यात उतरवत नाही. आमच्या कोकणाचे नेमके उलटे. आषाढ-श्रावणात अरबी समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण झाला म्हणजे कोळी बांधव होड्या लोटू लागतात. आणि पाऊस ओसरून गाळ बसला की मार्गशीर्ष-पौषातही पाणी कोमट राहते. मग परराष्ट्राचा परवाना, विमा, बँकेचे कागद हा सारा खटाटोप करण्यापूर्वी घरच्या समुद्राची ओळख का करून घेऊ नये? मी मुलास म्हटले, "ग्रीस राहू दे पुढे. नाताळात मालवणास जाऊ." तो क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला. मी 'जाऊ' म्हटले होते, 'जा' नव्हे.

मालवणासमोर कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू करविले. त्याच्या आसपास खडकांवर प्रवाळ आहेत, रंगीबेरंगी मासे आहेत; १९८७ साली हा टापू सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. दक्षिणेस सहासात किलोमीटरांवर तारकर्ली. तेथे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने पाण्याखाली बुडी मारण्याचे शिक्षण देणारे केंद्र उभारले आहे. आम्ही वर्ध्याहून आगगाडीने मुंबईस व तेथून कोकण रेल्वेने कुडाळास उतरावयाचे, आणि मुलाने पुण्याहून येऊन मिळावयाचे, असे ठरले.

या बुडीचे शास्त्र वाचताना मला मोठी मौज वाटली. पाण्यात दर दहा मीटरांस एका वातावरणाएवढा दाब वाढतो; म्हणजे दहा मीटरांवर तो दुप्पट, आणि फुग्यातली हवा तेथे निम्म्या जागेत मावते. म्हणूनच खाली जाताना कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घातली म्हणजे ते मोकळे होतात. वर येताना छातीतली हवा फुगत जाते. म्हणून पाठीवरच्या नळकांड्यातून श्वास घेणाऱ्याचा पहिला नियम हा की, श्वास कधीही कोंडू नये. प्राणायामात ज्या कुंभकाची एवढी थोरवी, तो येथे सर्वथा वर्ज्य! सर्दी असता बुडी मारू नये. दमा वा हृदयविकार असेल त्याने वैद्याची अनुज्ञा घ्यावी. शिवाय बुडीनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचावरील कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येण्याचा संभव असतो. मुलगा गोव्याहून विमानाने परतणार. तेव्हा बुडी पहिल्या दिवशी, किल्ला शेवटच्या दिवशी, असा क्रम मीच लावून दिला.

दिवसही मीच नेमले. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाण्याची ओढ मोठी, अष्टमीच्या सुमारास ती मंद. सागरक्रीडेस पंचांग उपयोगी पडेल, हे ते करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. ओहोटीच्या वेळी कर्ली नदीच्या मुखाशी कोणी उतरावयाचे नाही, हा दुसरा नियम. तिसरा नियम सर्वांत कडक. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची एक नाव उलटली आणि दोघांचे प्राण गेले. ते वर्तमान मी मुलांपासून लपविले नाही. सर्वांसमोर वाचून दाखविले. नाव किती माणसे नेते ते विचारावयाचे, तरते जाकीट काठावरच अंगात घालावयाचे, आणि नावाड्याने 'आज नको' म्हटले तर हुज्जत न घालता माघारी फिरावयाचे. भीती लपविली की ती वाढते; तिचे नियम केले की ती उपयोगी पडते, असे मला या वयात कळू लागले आहे.

राहता राहिला चौथा नियम: ज्याला पाण्यावर तरंगता येत नाही, त्याने बुडीची गोष्ट काढू नये. हा नियम मी मोठ्या दिमाखाने लिहिला, आणि नातीने विचारले, "आजोबा, मग तुम्ही?"

तेव्हापासून मी शनिवार-रविवार नागपुरास भाच्याकडे मुक्कामास जातो व तेथील एका तरणतलावावर शिकतो. शिकविणारा निघाला माझाच जुना विद्यार्थी. ज्याच्या विभक्तीच्या चुकांवर मी छडी उगारीत असे, तो माझ्या मानेखाली हात धरून म्हणतो, "गुरुजी, अंग सैल सोडा. पाणी तुम्हाला धरते. तुम्ही पाण्याला धरू नका." पहिले तीन आठवडे मी त्याचे मनगट सोडले नाही. चौथ्या आठवड्यात कान पाण्याखाली गेले, बाहेरचा सारा गलबला बंद झाला, आणि मला एकाएकी त्या विहिरीची आठवण झाली. त्यालाही शेवटी अशीच शांतता लागली असेल काय? मी दचकून उभा राहिलो. मुलगा काही बोलला नाही. थोडा वेळ थांबून पुन्हा हात पुढे केला. त्या दिवशी मी वीस अंक मोजीपर्यंत तरंगलो.

हे लिहितो आहे तो कार्तिक आहे. तिकिटे काढून झाली आहेत. माझी मजल उथळ पाण्यात तोंड बुडवून मासे पाहण्यापलीकडे जाईल असे नाही, आणि ग्रीसचे काय होईल ते सांगवत नाही. परवा सामानाची यादी करताना सौ. म्हणाली, "तुम्ही सगळे पाण्यात गेल्यावर काठावर कपडे कोण सांभाळणार?"

मी म्हटले, "ते तू सांभाळ. मी पुष्कळ वर्षे सांभाळले."