एक टन गारवा

आमच्या गावाच्या नावात कंस आहे. सिंदी (रेल्वे) असे ते सरकारी कागदावर लिहितात. वर्ध्याला खेटून एक सिंदी (मेघे) आहे, तिच्याशी आमची गल्लत होऊ नये एवढाच त्या कंसाचा उपयोग. पण गावकऱ्यांना त्याचा अभिमान आहे. 1867 साली मुंबईकडची आगगाडी नागपूरला पोचली, त्या मार्गावरचे हे गाव. नोकरीच्या निमित्ताने मी नागपूरकर झालो, धाकटा भाऊ पुण्याला गेला, आणि आई मात्र कंसासकट सिंदीतच राहिली. तिचे वय 84.

आता आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांना शब्दांत सांगणे कठीण. त्यांच्याकडे उकडते, आमच्याकडे भाजते. 23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि नागपूर-वर्ध्याच्या मधल्या गावांवर सूर्य काही वेगळी मेहेरबानी करीत नाही. नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर फक्त कुत्री आणि वीज कंपनीची माणसे दिसतात.

हे सारे ठाऊक असलेल्या माणसांनीच आमचे घर बांधले होते. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी मयाली, वर कवेलू, पुढे सपरी, मागे अंगण. दिवसभराचे ऊन भिंती पिऊन घेतात आणि रात्री हळूहळू सोडतात. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. आणि माणसांनी रात्री अंगणात बाजा टाकून झोपायचे. घर, अंगण आणि बाज मिळून ती एक योजना होती. तिच्यातली बाज काढली की बाकीची दोन नुसती तापत राहतात. आई सत्तरी उलटेपर्यंत अंगणात झोपली. मग गुडघे आले, मग डास आले, मग रात्रभर मागच्या रस्त्याने ट्रक जाऊ लागले, आणि ती आत मधल्या खोलीत आली, नेमकी भिंती उष्णता सोडतात त्या वेळेला.

मे 2024 मध्ये एका पहाटे ती बरळू लागली. शेजारच्या वहिनींनी हाक ऐकली म्हणून निभावले. सलाइन लागले, दोन दिवसांनी ती उठून बसली. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली कळत नाही आणि घामही पुरेसा येत नाही. चाळीसच्या वरच्या हवेत पंखा लावणे म्हणजे भट्टीचा भाता चालवणे. निजायला एक थंड खोली पाहिजे.

भावाचे म्हणणे सरळ होते. "दादा, तिला पुण्याला आणू. त्या मातीच्या घरात पैसा घालणं म्हणजे विहिरीत घालणं." आईचेही म्हणणे सरळच होते. ती म्हणाली, "येते की. पण तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं दारी येतील, त्यांना पैसे कोण देईल?" यावर पुण्याहून उत्तर आले नाही. तेव्हा प्रश्न एसी घ्यावा की न घ्यावा असा राहिलाच नव्हता. आईला तिच्या घरात राहू द्यायचे तर त्याची किंमत किती, एवढेच पाहायचे होते.

कूलर होता की, असे वैदर्भीय वाचक म्हणतील. होता, आमच्याकडे लग्नात मुलीला भांडी देतात तसा कूलर देतात. पण कूलरला पाणी लागते, आणि नेमके मे महिन्यात नळ रुसतो. चौऱ्याऐंशीच्या बाईने बादल्या वाहाव्यात? शिवाय जूनमध्ये हवेला ओल आली की कूलर नुसता वाफारा सोडतो. या दोन यंत्रांची तत्त्वेही एकमेकांच्या विरुद्ध. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला सगळे बंद लागते. जुने घर कूलरच्या जातीचे आहे. एसीला ते परके वाटते, आणि ते त्याने पहिल्याच दिवशी सांगितले.

म्हणजे वीजकाम करणाऱ्या पोराने सांगितले. तो मधल्या खोलीत उभा राहिला, वर पाहिले आणि हसला. "काकाजी, मशीन तर लागून जाईन. पण या खोलीले वरतून झाकणच नाही!"

खरेच नव्हते. आमच्या मधल्या भिंती आढ्यापर्यंत जातच नाहीत. डोक्यावर हातभर गेल्या की थांबतात. वरची हवा साऱ्या घराची सामाईक. स्वयंपाकघरातल्या फोडणीची बातमी सपरीपर्यंत जाते ती त्याच वाटेने. तिथे एसी लावला असता तर त्याने इमानदारीने कवेलू थंड केले असते.

मग त्याने मशीन किती टनाचे घ्यायचे याचा हिशेब मांडला. खोली बारा फूट बाय अकरा, एक टन पुरे. आई दारात बसून ऐकत होती. ती घाबरून म्हणाली, "एक टन? अरे, एवढं वजन या भिंतीला पेलेल का?"

हा टन वजनाचाच, पण बर्फाच्या. यंत्रे आली तेव्हा लोकांना गारवा मोजायची दुसरी सवय नव्हती, म्हणून अमेरिकन टनभर, म्हणजे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढे काम करणारे यंत्र एक टनाचे. आईला हे पटले. बर्फाची लादी तिने पाहिली होती. आणि हे यंत्र माणसांसाठी निघालेच नव्हते, हेही मी तिला सांगितले. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत, रंगावर रंग बसत नसे. म्हणून विलिस कॅरियर या पंचविशीतल्या इंजिनिअरने हवा आटोक्यात ठेवायची युक्ती काढली. "म्हणजे कागदाची सोय आधी झाली," आई म्हणाली.

यंत्र आले 34,500 रुपयांना, एप्रिल 2025 मध्ये. त्याला राहायला जागा करून देण्यात आणखी 56,000 गेले. खोलीला खोटे छत, त्यावर उष्णता अडवायला काचलोकरीचा थर: 19,000. सुतार म्हणाला, मयाली एका पातळीत नाहीत, सांगाडा वेगळा करावा लागेल. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने डोळ्यांनी मोजले होते, याने लेसरने मोजले, दोघांचे पटेना. खिडक्यांना लाकडी गज होते, काच नव्हती. नव्या झडपा, दाराखालची फट, मिळून 8,500. घरातली तार दिव्यांपुरती, तिच्यावर एसी चालवणे म्हणजे आग लावून घेणे. मीटरपासून वेगळी जाड तार, 9,800. अर्थिंग कोणी केलेच नव्हते, त्याचा खड्डा 5,200. भर दुपारी व्होल्टेज पडते म्हणून स्टॅबिलायझर 4,500. मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज आणि त्याचे शुल्क यात धरलेलेच नाही.

राहिले बाहेरचे अर्धे यंत्र. मातीच्या भिंतीत खिळा ठोकला की पोपडा पडतो, तिथे ते थरथरणारे धूड टांगणार कसे? म्हणून अंगणात सिमेंटचा ओटा केला, आणि ओट्यापर्यंत तांब्याची नळी लांबली. तिचे जास्तीचे 4,200. ओट्यावर लोखंडी पिंजरा बसवला, कारण आमच्याकडे माकडे आहेत. कवेलूंवरून धावणे हा त्यांचा वंशपरंपरागत हक्क असून पांढऱ्या पेटीवर बसून नळी ओढणे हा त्यांनी नवा जोडलेला आहे. ओटा आणि पिंजरा 4,800.

भावाने फोनवर बेरीज केली आणि म्हणाला, "नव्वद हजार पाचशे. यात पुण्याच्या फ्लॅटला दोन एसी बसले असते." बसले असते. फ्लॅटच्या खोलीला मुळात झाकण असते, तार असते, अर्थिंग असते. ते पैसे फ्लॅट घेतानाच देऊन झालेले असतात, म्हणून ते दिसत नाहीत. आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामला मातीच्या भिंतींची, बांबू-कवेलूंची बापूकुटी आहे. गांधीजी 1936 साली तिकडे राहायला गेले. "ते राहिले, मग आईला काय झालं?" असे एक नातेवाईक मला म्हणाले. त्यांच्या दिवाणखान्यात दीड टनाचा एसी चालू होता.

पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. आमच्या यंत्रावर पावणेतीन हजारांच्या आसपास फरक पडला असता. आईने वर्तमानपत्रात वाचले आणि विचारले, "आधी घेणाऱ्यांना परत देतात का?"

उन्हाळा मात्र निभला. ती रात्री पंचवीसवर लावून झोपायची, पहाटे स्वतःच बंद करायची. दिवसाला पाच-सहा युनिटे जळत. वीजबिलाने शंभराच्या आतला टप्पा सोडला आणि दर चढला. पण एकाही रात्री शेजारच्या वहिनींना उठून यावे लागले नाही. दुपारी मात्र त्या येतच, आणखी तिघींना घेऊन, भाजी निवडायला. दर पाच मिनिटांनी दार उघडे. वीजकामवाला पोरगा म्हणाला, "आजी, दार लावून ठेवा, गारवा जाते." आई म्हणाली, "दार लावलं तर बाया कशा येतील?" त्याने माझ्याकडे पाहिले. मी बिलाकडे पाहिले.

ऑगस्टमध्ये एक नवी गोष्ट कळली. पूर्वी कवेलू गळले की खाली बादली ठेवायची. थेंब कुठून पडतो ते दिसायचे. आता पाणी खोट्या छतावर कुठेतरी पडते, कुठेतरी वाहते, आणि पंधरा दिवसांनी तिसऱ्याच कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग उमटतो. काचलोकर एकदा भिजली की तिचा उपयोग संपला. तेव्हा कवेलू आता दरवर्षी न चुकता फेरून घ्यावे लागणार. हे काम येणारी माणसे आमच्या भागात दोनच उरली आहेत. त्यांतल्या एकाला मी गाठले. तो अक्षय्य तृतीयेनंतर येतो म्हणाला, आणि पैसे विचारल्यावर वर छताकडे बघून म्हणाला, "पहिलं खालून दिसे जी, आता अंदाजानं कराव लागन. थोडे जास्त होतीन."